आपल्या मागच्या शिक्षकांपैकी आपल्यात नेमके काय उतरते?

गोदाकाठ (धागाकर्ती)

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला आपली अध्यापनविषयक भूमिका लिहून द्यायची होती. वर्गातल्या बहुतेकांच्या वहीत गांधीजी, टागोर, ड्यूई आणि मॉन्टेसरी या शिक्षणविचारवंतांची नावे जवळजवळ एकाच क्रमाने आली. या चौघांविषयी मला मनापासून आदर आहे. पण बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झाल्यापासून रोज जाणवते ते वेगळेच. मुलाचे उत्तर चुकल्यावर काय बोलावे, वर्गात गोंधळ वाढला तर आवाज चढवावा की काही क्षण गप्प उभे राहावे, असे निर्णय ज्या वेगाने घ्यावे लागतात त्या वेगाने ही नावे मनात येत नाहीत. त्या क्षणी येतात ते माझ्या शाळेतले शिक्षक, आणि ते न बोलावता येतात.

आठवीला आम्हाला गणित शिकवणारे सर फळ्यावरचे चुकलेले उत्तर पुसत नसत. ते तसेच ठेवून ‘या उत्तरापर्यंत येताना याने वाटेत काय काय केले असेल?’ असे ते साऱ्या वर्गाला विचारत. मग ऋण चिन्ह कुठे हरवले, कंस सोडवताना कोणत्या पदाला गुणायचे राहिले, याचा शोध सुरू होई आणि ज्याचे उत्तर चुकले होते तो मुलगाही त्या शोधात हिरिरीने सामील होई. त्याच शाळेत दुसऱ्या एका शिक्षकांच्या तासाला चाचणीच्या गुणांप्रमाणे बाकांचा क्रम ठरे. शेवटच्या बाकावरच्या मुलांना वर्षभर कोणी प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही. या दोघांनी मला शिकवले आहे आणि दोघांच्याही सवयी माझ्या हातात, आवाजात आणि नजरेत कुठेतरी आहेत.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली या गोष्टीची नेमकी मांडणी केली होती. शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या प्रत्यक्ष सहवासात असतो, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे शिक्षक होऊ पाहणारा माणूस अध्यापक महाविद्यालयाच्या दारात येण्याआधीच या कामाची दीर्घ उमेदवारी करून आलेला असतो. आपल्याकडे २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि आंतरवासिता, म्हणजे शाळेतला प्रत्यक्ष सराव, दोन्ही वर्षे मिळून वीस आठवड्यांची झाली, हे चांगलेच झाले. पण त्या दीर्घ उमेदवारीसमोर हे वीस आठवडे किती टिकाव धरणार? लॉर्टी यांचा पुढचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थी शिक्षकाला पाहतो तो बाकावर बसून. त्यामुळे शिक्षकाचे बोलणे, रागावणे, हसणे त्याला दिसते. पण आदल्या रात्री केलेली तयारी, ऐन वेळी बदललेला बेत आणि त्या बदलामागचे कारण त्याला कधीच दिसत नाही.

माझा प्रश्न असा आहे की ज्यांचा फक्त बाहेरचा भाग आपण पाहिला, त्या शिक्षकांपासून आपली स्वतःची भूमिका कशी घडवावी? कोणते घ्यावे आणि कोणते सोडावे, हे आपण कशाच्या आधारे ठरवलेत? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

बालाघाट

गोदाकाठ ताई, प्रश्न महत्त्वाचा आहे. मी निवृत्त मुख्याध्यापक आहे, त्यामुळे थोडे मागचे सांगतो.

आम्हाला साठच्या दशकात शिकवणारे गुरुजी स्वतः निजामाच्या राज्यात शिकले होते. घरी मराठी बोलायची, माध्यमिक शिक्षण उर्दूतून घ्यायचे आणि पुढे शिकायचे तर १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात पुन्हा उर्दूतूनच, अशी त्या पिढीची वाट होती. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यानंतर हेच लोक मराठी शाळांत भूमिती आणि विज्ञान शिकवू लागले, तेव्हा त्यांना प्रत्येक पारिभाषिक शब्द नव्याने मिळवावा लागला. आमचे विज्ञानाचे गुरुजी नवी संज्ञा आली की लगेच व्याख्या सांगत नसत. आधी वस्तू दाखवत, मग तिचे काम आम्हाला सांगायला लावत आणि सर्वांत शेवटी नाव सांगत. मी ती पद्धत पुढे आयुष्यभर वापरली. ती कुठून आली असावी हे मात्र फार उशिरा माझ्या ध्यानात आले. गुरुजींना स्वतःला ते नाव दुसऱ्या भाषेत माहीत होते, म्हणून त्यांना आधी वस्तूपाशी जावे लागत होते. त्यांच्या अडचणीतून निघालेली वाट आमच्यासाठी उत्तम अध्यापनपद्धती ठरली.

त्या पिढीच्या डोळ्यांसमोर शिक्षकाचे एक मोठे उदाहरण होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते. शाळा चालवणे हेच देशकार्य आहे, या भावनेने काम करणारे शिक्षक आम्ही जवळून पाहिले. ते कडक होते, साधे राहत, आणि मुलगा दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जात.

आता तुमच्या मुद्द्याकडे येतो. माझ्याबरोबर शिकलेले बरेच जण पुढे शिक्षक झाले. त्यांनी गुरुजींचा करारी आवाज उचलला, हातातली छडीही उचलली. तिसऱ्या दिवशी घरी जाणे मात्र फार थोड्यांनी उचलले. आवाज आणि छडी वर्गात सर्वांना दिसत होती, आणि घरी जाणे ज्या एका मुलासाठी घडे त्यालाच ठाऊक असे. शिक्षकाच्या कामाचा जो भाग सर्वांत मोलाचा, तोच वारशात सर्वांत आधी गळतो, असे मला पन्नास वर्षांच्या निरीक्षणावरून वाटते.

तेरणा

मी उमरगा तालुक्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आतापर्यंतच्या चर्चेत चांगल्या शिक्षकांचा प्रभाव गृहीत धरलेला दिसतो. माझी भूमिका मात्र बऱ्याच अंशी एका नकोशा अनुभवातून तयार झाली आहे.

आमच्या एका शिक्षकांना मुलांच्या तोंडची बोली खपत नसे. ‘जायलाव’, ‘करायलाव’ असे कोणी म्हटले की ते वाक्य मध्येच तोडत आणि शुद्ध रूप तीनदा म्हणायला लावत. ते विद्वान होते, व्याकरण उत्तम शिकवत आणि त्यांच्यामुळे माझे लेखन सुधारले, हे मला प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण माझ्या शेजारी बसणारी मुलगी दिवाळीनंतर वर्गात बोलेनाशी झाली आणि शाळा सुटेपर्यंत पुन्हा बोलली नाही. शिक्षिका झाले तेव्हा मी मनाशी एवढेच ठरवले होते की माझ्या वर्गातले कोणतेही मूल त्याच्या बोलीमुळे गप्प होणार नाही.

एवढ्या निश्चयाने वर्ग चालत नाही. ‘ते जे करत ते मी करणार नाही’ म्हटल्याने तासाच्या चाळीस मिनिटांत काय करायचे ते कळत नाही, आणि अशा वेळी तेच शिक्षक उलट्या बाजूने आपल्या वर्गाची दिशा ठरवत राहतात. माझ्या वर्गात काही मुलांच्या घरी कन्नड बोलतात, तांड्यावरची बंजारा मुले घरी गोरमाटी बोलतात आणि उरलेल्यांची मराठी पुस्तकातल्या मराठीपेक्षा बरीच वेगळी आहे. त्यांना प्रमाण मराठी यायलाच हवी, कारण परीक्षा, अर्ज, मुलाखत हे सारे तिच्यातच होणार आहे. म्हणून मी बोलण्याचा आणि लिहिण्याचा वेळ वेगळा ठेवते. आधी मूल आपल्या बोलीत घटना पूर्ण सांगते आणि त्या वेळी कोणी दुरुस्ती करत नाही. मग तीच घटना आम्ही सगळे मिळून फळ्यावर लेखी मराठीत आणतो. व्याकरणाचा आग्रह मी त्या शिक्षकांकडूनच घेतला आहे. फक्त तो कोणत्या क्षणी धरायचा, हे मी त्यांच्याहून वेगळे ठरवले.

गोदाकाठ

तेरणा ताई, एकाच शिक्षकातून एक गोष्ट ठेवणे आणि दुसरी नाकारणे शक्य आहे, हे तुमच्या लेखनातून फार स्पष्ट झाले. मी आतापर्यंत शिक्षकांचीच विभागणी करत होते. आता त्यांच्या एकेका कृतीकडे वेगळे पाहावे लागेल असे दिसते. बालाघाट गुरुजी, न दिसलेला भाग नंतर कसा शोधायचा, यावर आपण अजून लिहावे.

मांजरा

लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. ‘लातूर पॅटर्न’ म्हटले की चर्चेत दोनच सूर लागतात, एक कौतुकाचा आणि दुसरा घोकंपट्टीच्या आरोपाचा. मी स्वतः या पद्धतीत शिकलो आणि आता तिच्यातच शिकवतो, म्हणून आतून दिसणारी बाजू मांडतो.

बाहेरून पाहणाऱ्याला सराव परीक्षा दिसतात: दर आठवड्याला चाचणी, गुणांची यादी, पुन्हा चाचणी. गावोगावी या पद्धतीची नक्कल झाली ती नेमकी एवढ्याच भागाची झाली, कारण चाचणी घेणे सोपे असते. मला शिकवणारे प्राध्यापक चाचणीच्या रात्रीच उत्तरपत्रिका तपासत आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला समोर बसवून विचारत की हे सूत्र तू इथे का वापरलेस. मुक्तपतनाच्या उदाहरणात आरंभीचा वेग शून्य धरायचा की नाही, याचे कारण मी सांगू शकलो नाही तर उत्तर बरोबर असूनही ते मला पुन्हा सोडवायला लावत. त्या पद्धतीचा जीव या पाच मिनिटांच्या बोलण्यात होता.

आज विद्यार्थिसंख्या वाढली आहे, ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी परभणी, नांदेड, हिंगोलीकडून मुले येऊन राहतात आणि प्रत्येकाशी पाच मिनिटे बोलणे मला शक्य होत नाही. तरी ते उद्दिष्ट मी सोडलेले नाही. चाचणीत ज्या प्रश्नाचे उत्तर सर्वाधिक जणांनी एकाच तऱ्हेने चुकवले असेल, त्या प्रश्नापासून मी दुसऱ्या दिवशीचा तास सुरू करतो. रूप बदलले असले तरी हे माझ्या सरांचेच देणे आहे, असे मी मानतो.

पूर्णा

मी शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करते. गोदाकाठ यांनी सुरुवातीलाच ड्यूई यांचे नाव घेतले आहे आणि ते वहीत यांत्रिकपणे येते ही त्यांची तक्रार रास्त आहे. पण या विषयाशी त्या नावाचा फार जवळचा संबंध आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते आणि तिथे जॉन ड्यूई त्यांचे शिक्षक होते. १९३६ साली लाहोरच्या अधिवेशनासाठी बाबासाहेबांनी जे भाषण लिहिले आणि जे प्रत्यक्षात होऊ शकले नाही, त्यात त्यांनी ड्यूई यांचा उल्लेख आपले शिक्षक म्हणून, त्यांचे आपल्यावर मोठे ऋण आहे असे सांगून केला आहे. तिथे त्यांनी ड्यूई यांचा जो विचार घेतला आहे तो असा, की प्रत्येक समाजाजवळ भूतकाळातून आलेले बरेच क्षुद्र, निर्जीव आणि काही तर सरळ घातक असे संचित असते. हे सगळे जसेच्या तसे पुढे देणे हे समाजाचे कर्तव्य नसून अधिक चांगला समाज घडवण्यास जे उपयोगी पडेल तेवढेच जपणे आणि पुढे देणे ही त्याची जबाबदारी आहे. शिक्षकाकडून शिष्याने उचललेला विचारच वारसा निवडून घेण्याविषयीचा आहे, आणि ड्यूई यांनी ज्याची कल्पनाही केली नसेल अशा जातिव्यवस्थेच्या प्रश्नाला शिष्याने तो लावला. पुढे १९५० साली औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय त्यांनी सुरू केले, तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नावापुरतीच होती. ज्यांच्या घराण्यात कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशी मुले तिथे शिकली. कोलंबियातल्या वर्गापासून या महाविद्यालयाच्या परिसरापर्यंत, म्हणजे नागसेनवनापर्यंतचा हा प्रवास मला अनुकरणाच्या अगदी विरुद्ध टोकाचा वाटतो.

आपल्याच मातीतले जुने उदाहरण पैठणच्या एकनाथांचे आहे. आपले गुरू, देवगिरीचे जनार्दनस्वामी, यांचे नाव त्यांनी आपल्या प्रत्येक अभंगाच्या मुद्रेत स्वतःच्या नावाला जोडले. पण भारुडांतून जोशी, वासुदेव, गोंधळी यांच्या तोंडून बोलण्याची वाट त्यांची स्वतःची होती. नरहर कुरुंदकर हैदराबादला आपले मामा, मराठीचे अभ्यासक डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे राहून शिकले आणि नंतर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवताना त्यांनी स्वतःचा वेगळा, वादाला आमंत्रण देणारा बाज घडवला.

प्रशिक्षणात मी नव्या शिक्षकांकडून एक काम करवून घेते. आठवणीतल्या शिक्षकाचा स्वभाव लिहायचा नाही, कारण ‘प्रेमळ होते’, ‘कडक होते’ अशा शब्दांनी पुढे काही करता येत नाही. त्यांची एकच कृती लिहायची, ती कोणत्या परिस्थितीत घडे ते लिहायचे, तिचे कारण काय असावे याचा अंदाज करायचा आणि मग तेच कारण आपल्या वर्गात लागू पडते का ते तपासायचे. शक्य असेल तर त्या शिक्षकांना भेटून आपला अंदाज पडताळायचा. पुष्कळदा शिक्षक वेगळेच कारण सांगतात आणि खरे शिक्षण त्या तफावतीतून होते.

बालाघाट

पूर्णा ताईंनी सांगितलेला भेटीचा मार्ग हेच माझे उत्तर आहे. निवृत्त शिक्षकाला त्याचा सत्कार करण्यापेक्षा ‘हा पाठ तुम्ही कसा तयार करत होता?’ असे विचारले तर जास्त आनंद होतो. माझ्याकडे अशा प्रश्नासाठी आलेले माजी विद्यार्थी मोजकेच आहेत आणि त्या प्रत्येकाशी मी दुपारभर बोललो आहे.

छडीचा विषय मीच काढला होता, म्हणून तेही स्पष्ट करतो. ‘आम्ही मार खाऊनच घडलो’ असे माझ्या पिढीतले लोक अभिमानाने सांगतात. हे सांगणारे घडलेले असतात. जे मार खाऊन शाळेबाहेर गेले, ते हे सांगायला आपल्यात नसतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली आहे. गुणांप्रमाणे बाक ठरवणे हे माझ्या मते दुसऱ्या प्रकारात मोडते. इथे वारशाची चर्चा करण्याचेही कारण नाही. ही प्रथा थांबली पाहिजे.

दुधना

मी द्विशिक्षकी शाळेत आहे. पहिली ते पाचवी हे वर्ग आम्ही दोघे सांभाळतो. सर्वांचे लेखन वाचून मला एक अडचण नोंदवावीशी वाटते.

मला ज्या शिक्षकांनी शिकवले ते सगळे एका वेळी एकाच इयत्तेला शिकवत असत. दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसलेल्या असताना एका गटाशी बोलायचे, दुसऱ्याला हाताला काम द्यायचे आणि तिसऱ्यावर लक्ष ठेवायचे, हे करणारा शिक्षक मी लहानपणी पाहिलेलाच नाही. त्याहून अवघड गोष्ट अशी की आमच्या गावातली अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर काही मुले मागे राहतात, काही आजी-आजोबांजवळ राहतात आणि उरलेली ऊसतोड करणाऱ्या आई-वडिलांबरोबर कारखान्यावर जातात. माझ्या आठवणीतला कोणताही शिक्षक या प्रश्नाला सामोरा गेला नव्हता, म्हणून पूर्णा ताईंच्या पद्धतीने कितीही शोधले तरी मला त्या आठवणीत उत्तर मिळणार नाही.

मला उत्तर मिळाले ते माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून. जाणाऱ्या प्रत्येक मुलासाठी ते वहीत एक पान ठेवतात. त्यावर ‘बेरीज हातच्याची येते, वजाबाकी हातच्याची येत नाही, जोडाक्षरे वाचताना अडखळतो’ अशी साध्या शब्दांतली नोंद असते. मूल परतले की इयत्तेच्या पाठ्यक्रमाकडे न पाहता ते त्या पानापासून सुरुवात करतात. मूल जाताना तीच नोंद दुसऱ्या कागदावर लिहून पालकांजवळ देतात, म्हणजे तिकडे एखाद्या शाळेत बसवले तर तिथल्या शिक्षकाला उपयोग होईल. हजेरीपटावर हे मूल गैरहजर दिसते; आमच्या सरांच्या वहीत ते शिकण्याच्या एका नेमक्या टप्प्यावर थांबलेले असते.

शिक्षकाला घडवणारे शिक्षक फक्त बालपणीचेच असतात, असे आपण सगळे धरून चाललो आहोत. शिक्षणसेवक म्हणून काढलेल्या तीन वर्षांत शेजारच्या वर्गात कोण होते, याचा परिणाम माझ्यावर शाळेच्या दहा वर्षांपेक्षा कमी झालेला नाही. त्यांचे काम मला शेजारी उभे राहून, तयारीसकट पाहता आले. गोदाकाठ ताईंनी लॉर्टींच्या आधाराने जी उणीव दाखवली आहे, ती इथे भरून निघते.

तेरणा

दुधना सर, हा मुद्दा फार मोलाचा आहे. फक्त एक जोडते. शेजारच्या वर्गातले वातावरण निराश असेल, ‘इथल्या मुलांना काही येत नाही’ असे शिक्षकांच्या खोलीत रोज ऐकू येत असेल, तर तीच तीन वर्षे नव्या शिक्षकाचा उत्साह मोडूही शकतात. अशा ठिकाणी लहानपणीच्या एखाद्या चांगल्या शिक्षकाची आठवण हाच आधार उरतो. म्हणून नव्या शिक्षकाने दोन्ही जवळ ठेवावेत.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या प्रतिसादांच्या आधारे मी माझी भूमिका पुन्हा लिहायला घेतली आहे. कच्चे रूप देते.

‘चुकलेले उत्तर मी पुसणार नाही, ते कसे आले हे वर्गाबरोबर शोधेन, कारण चुकीमागे मुलाचा काहीतरी विचार असतो आणि तो कळल्याशिवाय मला पुढचे शिकवता येत नाही. कोणत्याही मुलाची जागा गुणांवरून ठरणार नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाचे पान मी ठेवीन. मूल तीन दिवस आले नाही तर मी त्याच्या घरी जाईन.’

पूर्णा

पहिल्या वाक्याला तुम्ही कारण जोडले आहे, उरलेल्या तिन्हींना ते अजून नाही. घरी का जायचे? हजेरीसाठी जायचे असेल तर पालकांशी बोलणे एका प्रकारचे होईल. मुलाच्या घरात काय चालले आहे ते समजून घेण्यासाठी जायचे असेल तर अगदी वेगळे होईल. बालाघाट गुरुजींच्या शिक्षकांचे कारण काय होते, हेही त्यांना विचारून घ्या. लिहिलेल्या पानावर तारीख घाला आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना ते पुन्हा वाचा. जे वाक्य वर्षभरात एकदाही वापरले गेले नाही, ते तिथे का आहे हे तेव्हा तपासा.

बालाघाट

विचारलेच आहे तर सांगतो. आमच्या गुरुजींना मी मोठेपणी हे विचारले होते. मुलगा शाळेत का आला नाही हे ते घरी गेल्यावर कधी विचारतच नसत. घरात दिवा कुठे आहे, मूल रात्री कुठे बसून वाचते आणि त्याच्यावर कोणते काम आहे, हे ते पाहून येत आणि त्याप्रमाणे त्या मुलाचा गृहपाठ बदलत. ताई, तुमच्या चौथ्या वाक्यापुढे हे कारण लिहून पाहा आणि तुमच्या गावात ते लागू पडते का, ते आम्हाला कळवा.